पळू नका, बॉल पळवा

शाळेतल्या मुलींना बास्केटबॉल शिकवायला लागून मला वीस वर्षं झाली होती, आणि त्या वीस वर्षांत मैदानाच्या कडेला पायऱ्यांवर बसणाऱ्या बायकांकडे मी एकदाही धड बघितलं नव्हतं. त्या असायच्या. संध्याकाळी साडेपाचला येऊन बसायच्या, कुणी शेंगा सोलायची, कुणी फोनवर नणंदेशी बोलायची, आणि सात वाजले की मुलीची बाटली, टॉवेल, दप्तर गोळा करून निघून जायच्या. त्यांच्यातल्या दोघीतिघींचे चेहरे मला ओळखीचे होते, तेही मुलीला उशीर झाला म्हणून मी त्यांना रागावले होते त्यामुळे.

एका शुक्रवारी गणिताच्या बाईंनी सगळ्या मुलींना जादा तासाला अडकवून ठेवलं. मैदानावर उरले मी आणि सहा बॉल, आणि पायऱ्यांवर सात-आठ बायका. मार्च लागला होता. ऊन उतरलं होतं, तरी सिमेंटच्या कोर्टावर अनवाणी उभं राहवत नव्हतं. मी पंप घेऊन बॉलमध्ये हवा भरत बसले होते. त्यातला एक घरंगळत पायऱ्यांपाशी गेला आणि तो उचलला शेजारच्या कुंभारी गावाहून येणाऱ्या बाईनं. तिची मुलगी माझ्या टीममध्ये होती, सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत चपळ. ही बाई घरी बिड्या वळायची आणि संध्याकाळी मुलीला न्यायला बसनं शहरात यायची, कारण मुलीनं अंधार पडल्यावर एकटीनं यावं हे तिला पटत नव्हतं.

"मॅडम," ती म्हणाली, "ह्यो त्या जाळीत टाकायचा, एवढंच हाय का?"

"एवढंच," मी म्हणाले.

तिनं पदर खोचला, बॉल दोन्ही हातांनी पार गुडघ्यांपर्यंत खाली नेला आणि अंगणात बादलीभर पाणी मारावं तसा वर फेकला. बॉल रिंगवरून गेला, मागच्या फळ्यावरून गेला आणि कंपाउंडच्या भिंतीवरून रस्त्यावर गेला. पलीकडून एक स्कूटी करकचून थांबल्याचा आवाज आला आणि मग एका माणसाचा: "कुणाचं हाय ओ हे?" ती जागच्या जागी मटकन खाली बसली आणि हसायला लागली. पायऱ्यांवरच्याही सगळ्या हसत होत्या. भिंतीवरून बॉल परत आत आला तेव्हा तो घ्यायला कुणी उभीसुद्धा राहू शकत नव्हती.

मग उठल्या काकू. त्या नातीला घेऊन यायच्या. पन्नाशी उलटलेली, घरी कडक भाकरीचा व्यवसाय, घरात बोलणं सगळं कानडी. उंचीला माझ्यापेक्षा वीतभर जास्त, आणि रोज शेकड्यांनी भाकऱ्या थापून खांदे असे की माझ्या एकाही मुलीचे नव्हते. त्यांनी बॉल घेतला, रिंगकडे बघितलं, छातीपासून सरळ ढकलला. बॉल फळ्यावर आपटला आणि आत गेला.

काकू घाबरल्या. "काय झालं?" त्यांनी मला विचारलं. "मोडलं काय?"

"गेला की आत."

"मग आता?"

"आता काही नाही. दोन पॉइंट तुमचे."

काकूंनी हात जोडले. मला, का रिंगला, ते मला अजून कळलेलं नाही. त्यानंतर महिनाभर त्यांचा एकही बॉल आत गेला नाही, पण त्या शुक्रवारी त्यांना कुणी थांबवू शकलं नसतं.

सोमवारी पाच जणी आल्या, साडीखाली मुलींचे बूट घालून. बुधवारी नऊ. एका बाजूची रिंग मुलींना आणि दुसरी बायकांना, अशी मी वाटणी केली. मुख्याध्यापिका दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून दोन दिवस बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि विचारलं, "कुणाचा पाय मोडला तर?" मी म्हणाले, "तर मी पोचवेन दवाखान्यात." मग म्हणाल्या, "त्या उंच बाईंना सांगा, बॉल खाली बघत नाही आपटायचा. वर बघायचं." मी मान डोलावली आणि बाहेर आले. बाई दोन दिवस चांगलंच निरखून बघत होत्या.

त्या नऊ जणींना शिकवणं हा माझ्या आयुष्यातला सगळ्यांत गमतीचा काळ होता. ट्रॅव्हलिंग म्हणजे काय ते त्यांना समजावताना माझा घसा बसला. बॉल हातात घेऊन दोन पावलांपेक्षा जास्त चालायचं नाही, आपटत आपटतच जायचं, हे मी शंभरदा सांगितलं. बॉल हातात आला की सगळ्या जणी तो पोटाशी धरून पावसात सापडलेल्या पोराला घेऊन पळावं तशा पळायच्या. मी शिट्टी मारायचे. त्या थांबायच्या, बॉलकडे बघायच्या, मग माझ्याकडे, आणि पुन्हा तेच. शेवटी बँकेतल्या मॅडमनी सांगितलं, "तिकीट दोनच पावलांचं आहे. तिसऱ्या पावलाला कंडक्टर उतरवतो." त्या दिवसापासून निम्म्या जणी सुधारल्या.

या बँकेतल्या मॅडम म्हणजे आमच्यातली एकमेव खरी खेळाडू. पस्तिशीची, कॉलेजात तीन वर्षं खेळलेली, लग्नानंतर बॉलला हात न लावलेली. मुलगी सहावीत. पहिल्या दिवशी तिनं लेअप मारला, म्हणजे पळत येऊन उडी घेऊन बॉल अलगद फळ्याला लावून आत टाकला, आणि बाकीच्या बायका अशा गप्प झाल्या की मला वाटलं आता सगळ्या घरी जातात. कुंभारीची म्हणाली, "हे आमाला कवा येणार?" मी नेहमीच्या सवयीनं म्हणाले, "मेहनत केली तर येईल." तिनं त्यावर विचार केला आणि विचारलं, "किती?"

वीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी तोंडाला येईल तो आकडा सांगितला. "हजार वेळा टाक, मग बघू."

तिनं तो आकडा खरा मानला. बिड्या ती पंचवीसच्या कट्ट्यानं मोजायची, तसेच शॉटही मोजायला लागली. पंचवीस झाले की चपलेशेजारी एक खडा ठेवायची. चाळीस खडे झाले, हजार झाले, आणि बॉल अजून एकदाही आत गेला नव्हता. मला तिची दया आली. मी म्हणाले, "तुझा हात खालून येतोय ना, म्हणून. वरून टाकून बघ."

"बघते की," ती म्हणाली आणि खडे बाजूला सारून पुन्हा पहिल्यापासून मांडले.

"कंटाळा नाही येत?"

"कशाचा? पैल्यांदा बिड्या वळाय शिकले तवा आठवडाभर सगळ्याच्या सगळ्या नापास करून परत दिलेल्या. आई म्हणाली, बोटांना कळंपर्यंत डोक्यानं मधी पडू नये. बोटांना लई उशिरा कळतंय, पर एकदा कळलं की इसरत न्हाईत."

मी मुलींना जिद्दीवर भाषणं द्यायचे. दरवर्षी एकच भाषण, पंधरा मिनिटांचं. ते मी त्या वर्षी दिलं नाही. मुलींना पलीकडच्या रिंगखालचे खडे दिसत होतेच.

अडचणी होत्या, पण त्या काळात अडचणींचंसुद्धा हसू यायचं. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि कधी येईल ते त्यालाच ठाऊक. मी शिस्तीत वेळापत्रक करून भिंतीला लावलं होतं: सोमवार, बुधवार, शुक्रवार. ते पहिल्या आठवड्यातच बाद झालं. कुणाच्या तरी फोनवर "पाणी आलं" एवढंच यायचं आणि निम्मी टीम चालू खेळातून बूट हातात घेऊन पळायची. एवढ्या वेगानं त्या कोर्टावर कधीच पळाल्या नाहीत. मी एकदा वैतागून म्हणाले, "हाच वेग बॉलमागं दाखवा की." काकू फाटकातूनच म्हणाल्या, "बॉल उद्याही येतोय मॅडम."

मग एक जण यायची बंद झाली. टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करणारी, विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी. आमच्या सगळ्यांच्या ट्रॅकपँट तिनंच शिवल्या होत्या. सासूला पसंत नव्हतं. मी म्हणाले, "जाऊ दे, घरचं प्रकरण आहे, आपण काय करणार." दुसऱ्या दिवशी कुंभारीची तासभर लवकर शहरात आली, त्या घरी गेली आणि सासूबाईंसमोर जाऊन बसली. नुसती बसली. एकमेकींची भाषा धड येत नव्हती. सासूबाईंनी चहा दिला, हिनं प्यायला, आणि तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "तुमीबी चला. बघा काय चालतंय ते. पटलं न्हाय तर सुनंला घिऊन जावा." सासूबाई आल्या. पायऱ्यांवर मधोमध बसल्या. पंधरा मिनिटं तोंड घट्ट मिटून होत्या. सोळाव्या मिनिटाला सुनेच्या हातून बॉल निसटला आणि सासूबाई पायऱ्यांवर उभ्या राहून ओरडल्या, "इटु, इटु!" इकडे, इकडे. त्यानंतर त्या रोज यायच्या. सूनबाईंना बरं नसेल त्या दिवशीसुद्धा.

ऑगस्टात करमाळ्याला महिलांची खुली स्पर्धा होती. मी नाव दिलं. कॅप्टन अर्थातच बँकेतल्या मॅडम. त्यात विचार करण्यासारखं मला काही वाटलं नाही. पहाटे क्रूझर जीप ठरवून गेलो, आधी देवीचं दर्शन घेतलं आणि दहा वाजता कोर्टावर उतरलो. समोरची टीम विशीतल्या मुलींची. त्यांनी आम्हाला बघितलं, आमच्या काकूंना बघितलं, आणि त्यांच्यातल्या एकीनं येऊन अदबीनं विचारलं, "तुमची टीम कुठं आहे?"

आम्ही चव्वेचाळीस-दोन असे हरलो.

त्या दोनविषयी सांगायला पाहिजे. तिसरा क्वार्टर संपत आला होता. कुंभारीच्या बाईच्या हातात बॉल आला, तिच्यासमोर कुणी नव्हतं, कारण तिला अडवायची गरज आहे असं समोरच्यांना वाटलंच नव्हतं. तिनं टाकला. बॉल रिंगच्या कडेवर आपटला, पुन्हा वर उडाला, कडेवरच दोन गिरक्या घेतल्या आणि आत पडला. आमच्या बाकावरच्या चौघी कोर्टात धावल्या. काकू धावल्या. सासूबाई प्रेक्षकांतून धावल्या. सगळ्या तिच्या गळ्यात पडल्या, कुणीतरी तिला उचललं, आणि हे चालू असताना समोरच्या मुलींनी पलीकडे जाऊन आणखी चार पॉइंट केले. पंचांनी आमच्यावर फाउल द्यावा की नाही याचा बराच विचार केला असावा. शेवटी त्यांनी नुसतीच शिट्टी वाजवून "चला आता, चला" एवढंच म्हटलं. परतीच्या वाटेवर जीपमध्ये इतका कल्ला होता की टेंभुर्णीच्या अलीकडे चहाला थांबलो तिथल्या माणसानं विचारलं, "काय जिंकून आला?"

"दोन पॉइंट," काकू म्हणाल्या.

मला मात्र चव्वेचाळीस दिसत होते. दुसऱ्या दिवशी बँकेतल्या मॅडम माझ्याकडे आल्या तेव्हा मला वाटलं, त्यांनाही तेच लागलंय.

"मला कॅप्टन नको करू," त्या म्हणाल्या. तोवर आम्ही अगं-तुगंवर आलो होतो.

"का? हरलो म्हणून?"

"नाही. टाइम-आउटला मी बोलत होते तेव्हा सगळ्या तिच्याकडं बघत होत्या. कुंभारीच्या ताईकडं. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, मीपण तिच्याकडंच बघत होते."

"तिला डाव्या हातानं बॉल आपटता येत नाही. निम्मे नियम माहीत नाहीत. कॅप्टनला खेळ यायला नको?"

"खेळ मला येतो की. मी आहेच."

मला ते लगेच पटलं नाही. माझ्या मते कॅप्टन म्हणजे सगळ्यांत चांगली खेळाडू, आणि कोच म्हणजे तिच्या डोक्यावरचा आवाज. मीही याच पद्धतीत वाढले होते. पण ज्या बाईला पद नको आहे तिला ते गळ्यात बांधून काय करणार? मी कुंभारीच्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "कॅप्टननं काय करायचं असतंय?" मी म्हणाले, "सगळ्यांना सांभाळायचं." ती म्हणाली, "मग हाय की मी," आणि खडे मांडायला गेली.

डिसेंबरात नातेपुत्याची स्पर्धा आली. तोवर आम्ही बदललो होतो. फार नाही, पण ट्रॅव्हलिंग आठवड्यातून एखाद-दुसरंच व्हायचं, काकू रिंगखाली उभ्या राहिल्या की त्यांना हलवणं अवघड होतं, आणि कुंभारीच्या बाईच्या बोटांना खरोखरच कळलं होतं. शॉट तिचा अजून चुकायचा, पण समोरचीच्या हातातला बॉल ती बिडीसाठी तेंदूचं पान उचलावं तसा अलगद काढून घ्यायची, आणि समोरची आपल्या रिकाम्या हाताकडे बघत राहायची.

महिलांच्या दोनच टीम आल्या होत्या, म्हणजे हाच सामना फायनल. समोर एका कॉलेजच्या मुली होत्या. त्यांच्या दोन चांगल्या खेळाडू परीक्षेमुळे आल्या नव्हत्या, हे मी प्रामाणिकपणे सांगते. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा आम्ही सतरा-चौदा पुढे होतो. पुढे. मला ते फलकावर दिसत होतं आणि खरं वाटत नव्हतं. आणि पुढे आहोत म्हटल्यावर मला वेड लागलं. हरताना मी बरी होते. आता मी बाकापाशी थांबायला तयार नव्हते. "उजवीकडे! अगं उजवीकडे! हात वर! काकू, मागे!" काकू मागे आल्या नाहीत म्हणून मी सरळ कोर्टात गेले आणि त्यांना दंडाला धरून मागे आणून उभं केलं. खेळ चालू होता.

पंच बारीक अंगाचे, अतिशय नम्र गृहस्थ होते. त्यांनी शिट्टी वाजवली. "मॅडम, टेक्निकल फाउल. कोचनं आत यायचं नसतं."

"माहीत आहे मला," मी म्हणाले. "वीस वर्षं शिकवतेय."

"होय मॅडम. मग बाहेर या."

दोन मिनिटांनी मी त्यांच्याशी पुन्हा वाद घातला. कशावरून, ते मला आठवत नाही. माझं चुकलं होतं एवढं आठवतं. त्यांनी दुसरा टेक्निकल दिला आणि अगदी दुःखी चेहऱ्यानं सांगितलं, "मॅडम, दोन झाले. आता तुम्हाला मैदानाबाहेर जावं लागेल. नियम आहे." माझ्या नऊ जणी माझ्याकडे बघत होत्या. मी पिशवी उचलली आणि फाटकाबाहेर गेले. सामन्याची पाच मिनिटं उरली होती.

बाहेर भिंतीला लागून एक बाई पेरू घेऊन बसली होती. मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले. भिंत माझ्यापेक्षा उंच होती.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"हाकललं मला."

"कुनी?"

"पंचांनी. मी फार ओरडत होते."

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "मास्तरीण हाय का तुमी?" मी हो म्हणाले. तिनं एक पेरू पुसून माझ्या हातात दिला. मी तो खाल्ला नाही, नुसता धरून उभी राहिले. आतून बॉलचा आवाज येत होता, बुटांची करकर येत होती, सासूबाईंचा आवाज येत होता. मग शिट्टी, आणि सगळं थांबलं. आमच्या बाजूनं टाइम-आउट घेतला असणार. कॅप्टनला तो घ्यायचा अधिकार आहे हे तिला कुणी सांगितलं होतं? मी तर नव्हतं. मला आत जाऊन सांगायच्या निदान सात गोष्टी होत्या. त्या सगळ्या मी त्या पेरूवाल्या बाईला सांगितल्या. तिनं शांतपणे ऐकून घेतल्या.

मग खेळ सुरू झाला आणि मला एक विचित्र गोष्ट ऐकू यायला लागली. लोक मोजत होते. आधी दोघं-चौघं, मग सगळेच. "चार. पाच. सहा." मला काही समजेना. बास्केटबॉलमध्ये मोजण्यासारखं काय असतं? "अकरा. बारा." कुणीतरी हसत होतं. "सतरा. अठरा."

"काय मोजत्यात ओ?" पेरूवाली म्हणाली.

"मलाच कळंना," मी म्हणाले.

तिनं पेरूचा एक रिकामा क्रेट उलटा केला आणि भिंतीला लावला. मी एक पाय वर ठेवला, तिच्या खांद्याला धरलं आणि चढले.

आत माझ्या पाच बायका रिंगपासून लांब, मोठं वर्तुळ करून उभ्या होत्या. कुणीही पळत नव्हतं. बॉल पळत होता. काकूंकडून शिलाईवालीकडे, तिच्याकडून बँकेतल्या मॅडमकडे, तिथून कुंभारीच्या बाईकडे, परत काकूंकडे. कॉलेजच्या मुली त्याच्यामागे जीव तोडून धावत होत्या आणि प्रत्येक वेळी पोचेपर्यंत बॉल निघून गेलेला असायचा. "इल्ली कोडु," काकू म्हणत होत्या, इकडे दे, आणि शिलाईवाली, जिला कानडीतलं अक्षर येत नाही, बरोबर त्यांच्याच हातात देत होती. लोक प्रत्येक पासला आकडा म्हणत होते. मोठ्या सामन्यांत चोवीस सेकंदांचं घड्याळ असतं, तेवढ्या वेळात शॉट टाकावाच लागतो. तालुक्याच्या स्पर्धेत ते घड्याळ नसतं. हे मला वीस वर्षं माहीत होतं आणि एकदाही त्याचा उपयोग करायचं मला सुचलं नव्हतं. मी असते तर ओरडले असते, शॉट टाका, टाका म्हणून.

सदतिसाव्या पासला वैतागून त्यांच्या मुलीनं काकूंना ढकललं. काकू हलल्या नाहीत, पण फाउल झाला. काकूंनी फ्री थ्रोचे दोन बॉल टाकले. दोन्ही आत गेले. आणि काकू अजिबात घाबरल्या नाहीत. एकोणीस-सोळा. शेवटची शिट्टी झाली तेव्हा मी क्रेटवर उभी राहून किंचाळत होते आणि पेरूवाली खालून विचारत होती, "हाय का जितलं? हाय का?" मी तिला मिठी मारायला खाली आले तर क्रेटची फळी मोडली. तिनं त्याचंही काही वाटून घेतलं नाही.

जीपमध्ये मी पहिला प्रश्न विचारला तो टाइम-आउटचा. "काय सांगितलंस तू त्यांना?"

"म्या काय न्हाय सांगितलं," कुंभारीची म्हणाली. तिच्या मांडीवर ट्रॉफी होती आणि ट्रॉफीत पेरू. "इचारलं फकस्त. कोण दमलंय म्हणून."

"मग?"

"मग सगळ्यांनीच हात वर केले. म्याबी केला. मग म्हणलं, पळू नका, बॉल पळवा. ह्या मॅडम म्हणाल्या, चालतंय, हितं घड्याळ न्हाय."

बँकेतल्या मॅडम खिडकीबाहेर बघत हसत होत्या. बाकीच्यांनी एव्हाना मागच्या सीटवर त्या सदतीस पासमधले कुणाचे किती यावरून भांडण काढलं होतं, आणि बेरीज पन्नासच्या वर जात होती. मी त्या गोंधळात बसून तोच प्रश्न मनात फिरवत राहिले. कोण दमलंय? वीस वर्षांत मी किती टाइम-आउट घेतले असतील, आणि प्रत्येकात साठ सेकंद मीच बोलले. हात वर झाले असते तर मी ते बघितले असते का? माझे हात पाठीमागे आणि मान वर, असं मी नेहमी उभी राहायचे.

सोमवारी शाळेतल्या मुलींना रांगेत उभं केलं आणि विचारलं, "कोण दमलंय?" त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांना वाटलं ही काहीतरी परीक्षा आहे. मी पुन्हा विचारलं. आधी कुंभारीच्या बाईच्या मुलीनं हात वर केला. मग एकेक करून बाराच्या बारा जणींनी. मी म्हणाले, "बसा मग सावलीत." त्या बसल्या, आणि दहा मिनिटांनी माझी बुटकी चपळ पोरगी माझ्याकडे आली. "मॅडम, आमची मॅच लावा की. आयांशी."

लावली. त्या शनिवारी पायऱ्यांवर बसायला जागा नव्हती. मुख्याध्यापिका खाली उतरून सासूबाईंच्या शेजारी बसल्या होत्या आणि दोघी दोन भाषांत एकाच टीमसाठी ओरडत होत्या. मुलींनी आयांना धुऊन काढलं. बॉल पळवायची युक्ती मुलींनी पहिल्या मिनिटात ओळखली, पाच मिनिटांत स्वतः वापरली. मी शिट्टी घेऊन पंच झाले होते आणि हसू आवरत पळत होते. शेवटच्या क्वार्टरला कुंभारीच्या बाईची मुलगी बॉल घेऊन आईला चुकवून निसटली, आणि आईनं मागून तिची वेणी धरली.

मी शिट्टी मारली. "फाउल."

"फाउल कसला, मॅडम?" वेणी न सोडता ती म्हणाली. "माझीच हाय की."

मुलीनं हसता हसता बॉल सोडून दिला होता. मी फाउल दिला. दोन फ्री थ्रो. मुलीनं दोन्ही आत टाकले, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत तिची आई सगळ्यांत पुढे होती.